काळ्या दोऱ्याच्या बारा बाटल्या

९ जानेवारी

लिहा, की बोलतेय मी आणि लिहिताहेत ग्रंथपाल. म्हणजे पुढेमागे कुणी वाचलंच तर अक्षराचं कौतुक त्यांचं आणि खोडसाळपणाचा दोष माझा.

विज्ञान मंडळाला पुढच्या वर्षी पंच्याहत्तर वर्षं होतात. जुन्या माणसांच्या आठवणी जमवायचं काम ग्रंथपालांकडे आलंय. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण घरी बसवत नाही त्यांना. काल वही घेऊन आले नि म्हणाले, "बाई, तुम्ही मंडळाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं काचा धुतल्यात. सांगा काहीतरी." म्हटलं, मागचं सांगून काय करू? निम्मे मेले, आणि जे उरलेत त्यांच्याबद्दल चांगलं बोलवणार नाही. लिहायचंच तर आत्ता चाललंय ते लिहा. दुपारी या, चहा देईन. अट एकच. वही माझी, माझ्या ट्रंकेत राहील, आणि तुम्ही यातला शब्द बाहेर काढायचा नाही. त्यांनी पेनाची शपथ घेतली. पेनाचं टोपण हरवलेलं आहे, तेव्हा शपथेचं काय होतं ते बघू.

घरात आम्ही दोघी. मुलगा दूर पुलाच्या कामावर, महिन्यातून एकदा येतो नि दोन दिवस झोपतो. सून कॉलेजात रसायन शिकवते. अंगाने एवढीशी, पण एकदा डोक्यात घेतलं की धरणाची भिंत. सध्या तिने मंडळात नवी शाखा काढायचं डोक्यात घेतलंय.

मंडळात सगळी शास्त्रं एका छपराखाली. ताऱ्यांची शाखा आहे, पक्ष्यांची आहे, दगडांची, गणिताची, डॉक्टरांची. रसायनाचीही आहे, पण ती साबण कसा करावा, रंग कसा करावा, याची. सून म्हणते, करून झाल्यावर जे उरतं ते कुठे जातं? हवेत, पाण्यात, मातीत. त्याचा अभ्यास कोण करणार? म्हणून पर्यावरण रसायनाची वेगळी शाखा हवी. मी म्हटलं, म्हणजे खरकटं कुठे जातं त्याचं शास्त्र. ती म्हणाली, "आई, हे वाक्य मी भाषणात घेते." घेतलं. नाव नाही घेतलं माझं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मतदान.

१२ जानेवारी

सून सगळ्या शाखांच्या दारी जाऊन आली. पक्ष्यांवाल्यांना म्हणाली, अंड्यांची कवचं पातळ का होतात ते आम्ही सांगू. डॉक्टरांना म्हणाली, रोगी तुमच्याकडे येण्याआधी काय पितो ते आम्ही सांगू. दगडवाल्यांना काय म्हणाली ते तिलाच आठवत नाही, पण ते हो म्हणाले. गणितवाले म्हणाले, आकडे दाखवा.

पक्ष्यांचा म्होरक्या, ज्याला मी पिसंवाला म्हणते, तो तिच्या बाजूने आहे. अध्यक्ष नाहीत. ते ताऱ्यांचे. त्यांचं नाव मी पहिल्याच वर्षी दुर्बीण ठेवलं, कारण त्यांना लांबचं छान दिसतं. ते म्हणाले, "बाई, विषय चांगला आहे, पण हे शास्त्र आहे की तक्रार?" सून म्हणाली, "मोजून केलेली तक्रार म्हणजे शास्त्रच, सर." घरी येऊन मात्र ती वाटी आपटून जेवली.

आता ती शहरातल्या एकोणचाळीस हातपंपांचं पाणी तपासून आकडे मांडणार आहे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गल्लीतले तीन पंपही आहेत. धाकटी राहते चकाकीवाल्यांच्या कारखान्यामागे. नळांना, दांड्यांना आरशासारखी चकाकी चढवतात तिथे. गेली चार वर्षं तिच्या पोटात आग होते नि हातावरच्या जखमा भरत नाहीत. आता नातसुनेला दिवस गेलेत, तीही तेच पाणी पिते. शाखा झाली तर तिच्या अहवालावर मंडळाचा शिक्का बसेल, आणि शिक्का बसला तर पालिकेला ते पंप बंद करावे लागतील. शाखा नाही तर सुनेचा कागद म्हणजे एका मास्तरणीचं पत्र. एवढी साधी गोष्ट आहे.

१७ जानेवारी

आज चाळीस बाटल्या धुवायला घेतल्या, एकोणचाळीस पंपांच्या नि एक जास्तीची. सुनेला कॉलेजातून शिपाई मिळाला नाही म्हणून माझ्याकडे आली. "आई, तुमच्याइतकं काच कुणाला कळतं?" लोणी लावणं बरं जमतं तिला.

पण मग शिकवायला लागली. म्हणे या पांढऱ्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, वाफेच्या पाण्याने, म्हणजे वाफ गार करून मिळतं त्याने, विसळा, दुसरं काहीही लावू नका. हे पांढरं पाणी म्हणजे पातळ केलेलं आम्ल. लिंबूसरबतासारखं दिसतं नि तेवढंच काम करतं. मी मान हलवली.

ग्रंथपाल, हे नीट लिहा, पण सुनेला सांगायचं नाही. काच धुवायची तर लाल पाण्यानेच. चाळीस वर्षं आम्ही तेच वापरलं. दाट, संत्र्याच्या सालीच्या रंगाचं, बोटावर पडलं तर हाडापर्यंत जातं. हा अंगठ्यावरचा डाग बघा. त्यात भिजवलेल्या काचेवरून पाणी असं सरकतं की थेंब मागे राहत नाही. निवृत्तीच्या दिवशी मंडळाने मला घड्याळ दिलं. लाल पाण्याची बरणी मी आपली आपण घेतली. घड्याळ कधीच बंद पडलं, बरणी मोरीखाली अजून आहे.

सगळं शहर बघणार सुनेच्या त्या बाटल्यांकडे. सरबतात बुडवून देऊ? अठ्ठावीस बाटल्या लाल पाण्याने धुतल्या. वाफेचं पाणी कमी होतं म्हणून दोनदाच विसळल्या, पण चकाकताहेत अशा की डोळे दिपावेत.

१८ जानेवारी

लाल पाणी हिरवं झालं. हिरवं झालं म्हणजे मेलं, मग ते काम करत नाही. बारा बाटल्या उरल्या होत्या, त्या नाइलाजाने सुनेच्या सरबतात बुडवल्या.

मला अक्षर येत नाही, पण माझी चाळीस वर्षांची पद्धत आहे. ज्या भांड्याची मी खात्री देते त्याच्या गळ्याला पांढरा दोरा, ज्याची देत नाही त्याला काळा. तेव्हा अठ्ठावीसांना पांढरा, बारांना काळा. काळ्या मागे ठेवल्या, म्हणजे वेळ आलीच तर शेवटी लागतील.

सून म्हणाली, "दोरे कशाला?" म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून. हसली नि निघून गेली. कामात असली की तिला काहीही खपवता येतं.

२९ जानेवारी

आठ-दहा दिवस सून आणि पिसंवाला सायकलींवरून पाणी गोळा करत होते. बाटली भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची, पुढचा पंप. शेवटच्या दिवशी टेकडीवरचे नऊ पंप आणि धाकटीच्या गल्लीतले तीन राहिले होते. आणि उरल्या होत्या काळ्या दोऱ्याच्या. माझ्या बहिणीच्या वाट्याला नेमक्या सरबती बाटल्या! मनातल्या मनात चरफडले.

काल स्वयंपाकघरात तपासणी. पाण्यात थेंब टाकायचे. विष असेल तर पाणी जांभळं होतं. जितकं विष तितका रंग गडद. जांभळं झालं की सून बाटलीवर त्याच रंगाचा ठिपका देते. पंचवीस बाटल्यांना ठिपके पडले. बहुतेकांना फिकट झाक होती, पण धाकटीच्या गल्लीतलं पाणी झालं वांग्याच्या सालीसारखं. टेकडीवरचं मात्र जसंच्या तसं.

सून खुर्चीवर बसली ती बसलीच. "आई, एवढं सगळीकडे असेल असं वाटलं नव्हतं."

तिने शिक्क्याची वाट पाहिली नाही. पिसंवाल्याला घेऊन गेली नि धाकटीच्या गल्लीतल्या लोकांना समजावून तिन्ही पंपांचे दांडे दोरखंडाने बांधून आली.

६ फेब्रुवारी

धाकटी आली होती. टेकडीवरून दोन घागरी आणताना कंबर मोडली म्हणते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सध्या मीच तिची मुलगी शोभेन, आणि हे मी तिला सांगितलंही. तीही कमी नाही. म्हणाली, "तू आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी धुतलीस, माझी दोन घासून दे, हाताला पाणी लावायला डॉक्टर नको म्हणतो." घासून दिली.

पण जाताना म्हणाली, "ताई, आठ दिवस झाले, आग जरा कमी आहे." दाराशी उभी राहून पोटावर हात ठेवून म्हणाली. मला दाखवण्यासारखं काही असल्यासारखं.

२४ फेब्रुवारी

सांगते. मध्ये थांबवू नका. ग्रंथपाल, तुम्ही होतात तिथे, पण माझ्या डोळ्यांनी लिहा.

सभागृह भरलेलं. मला जुनी म्हणून मागच्या बाकावर बसू दिलं. सून चांगली बोलली. खरकट्याचं वाक्य आलं तेव्हा लोक हसले. गणितवाले माना हलवत होते. मग दुर्बीण उठले. आवाज कसा, तर मऊ. "बाई, एक शंका. कोऱ्या बाटलीची चाचणी केलीत का?" कोरी बाटली म्हणजे पंपाचं पाणी न भरलेली, त्याच धुण्यातली, नुसतं वाफेचं पाणी घातलेली. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या आकड्यांना अर्थ. सुनेने एक तशी भरून ठेवली होती, पण तपासायची राहिली होती. म्हणाली, "आत्ता करते, सगळ्यांसमोर."

पांढऱ्या दोऱ्याची बाटली होती. ते बघून मी निर्धास्त झाले.

सुनेने थेंब टाकले. बाटली उजेडात धरली. पाणी फिकट जांभळं झालं. मागच्या बाकावरून दिसलं मला.

सून त्या बाटलीकडे बघत होती, मग तिने दोऱ्याला बोट लावलं, मग बुडाशी बघितलं, आणि मग वळून सरळ माझ्याकडे. एवढ्या माणसांत माझ्याकडेच का, कळलं नाही.

दुर्बीण म्हणाले, "म्हणजे रंग बाटलीतूनच येतोय. पंपांचं काय मग?"

सून म्हणाली, "बाटल्या तयार करण्यात चूक झाली. ती माझी चूक आहे. आकडे मागे घेते."

पिसंवाला उठला, "अहो, पण कुणी धुतल्या—" तिने त्याला हाताने खाली बसवलं. "मी म्हटलं ना, माझी."

मतदान झालंच नाही. चिटणीस म्हणाले, विषय पुढल्या वर्षी.

घरी येताना तिने माझा हात धरला होता. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही. मी विचारलं, अगं काय चुकलं तुझं? म्हणाली, "घाई." शिकलेल्या माणसांना साध्या चुका कशा होतात, देव जाणे.

२५ फेब्रुवारी

काही नाही. ती उठली नाही, मी उठवली नाही.

३ मार्च

धाकटीच्या गल्लीतल्या लोकांनी दोरखंड सोडले. मंडळाचं पत्रक गेलं म्हणे, की आकडे मागे घेतलेत. चकाकीवाल्यांनी ते पत्रक फाटकावर चिकटवलं. धाकटी सांगत आली, "तुझ्या सुनेच्या नादी लागून महिनाभर घागरी वाहिल्या. आता दारातलं पाणी दारात." खुशीत होती. मीही म्हटलं, बरं झालं बाई.

११ मार्च

आज गंमत नाही.

काल ग्रंथपालांनी मंडळाचं पत्रक वाचून दाखवलं. त्यात होतं, की बाटल्यांच्या काचेत धुतानाच क्रोमियम, म्हणजे चकाकीवाले वापरतात तेच विष, शिरलं असावं. मी विचारलं, हे क्रोमियम दिसतं कसं? त्यांना माहीत नाही. त्यांना पुस्तकाची पाठ कळते, पोट नाही.

रात्रीच्या जेवणाला सुनेला विचारलं. ती सहज बोलून गेली, "लाल. संत्र्यासारखं." आणि तिचा हात थांबला.

म्हटलं, माझ्या लाल पाण्यासारखं?

"नाही, आई. ते वेगळं."

जेवण झाल्यावर मोरीखाली हात घातला. बरणी नव्हती. बरणीचा गोल डाग होता फरशीवर.

ग्रंथपाल, पेन का ठेवलंत? लिहा. तुम्ही सतरा तारखेला हे सगळं याच हाताने लिहिलंत नि चोवीस तारखेला सभेत बसला होतात. मला क्रोमियम माहीत नव्हतं, तुम्हाला रसायन माहीत नव्हतं. दोन शहाणे. तुम्ही शपथ पाळलीत एवढंच.

१२ मार्च

तिला माहीत आहे. तिने त्या दिवशी बाटलीच्या बुडाशी राहिलेली लाल पाण्याची झाक बघून ओळखलं, बरणी फेकली, आणि सगळ्या सभेचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं. मला कळू नये म्हणून रोज हसून चहा देते. मला कळलंय हे तिला कळू नये म्हणून मीही हसून पिते.

एकच बरं. विष बाटल्यांचं होतं, म्हणजे धाकटीचं पाणी चांगलं होतं. सुनेची शाखा गेली, पण निदान तेवढं बरं झालं.

१९ मार्च

धाकटीला दवाखान्यात ठेवलंय. लघवी होत नाही, तोंड सुजलंय. मी गेले तर म्हणाली, "ताई, आता खरंच माझी मुलगी दिसतेस." नातसून उशाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत होती. घरून बाटली भरून आणली होती.

२२ मार्च

मंडळाला कपाट हवंय म्हणून चिटणिसांनी सभेत मांडलेल्या सगळ्या बाटल्या खोक्यांत भरून घरी पाठवल्या. चिठ्ठी होती, की रिकाम्या करून धुवून परत द्याव्यात. सून कॉलेजात. म्हटलं, धुते. दुसरं मला येतं काय?

सवयीने आधी पांढऱ्या दोऱ्याच्या काढल्या. ओळीने मांडल्या. ठिपका, ठिपका, ठिपका, मध्येच एखादी बिनठिपक्याची. माझ्या लाल पाण्याचे ठिपके. एकेकीकडे बघवत नव्हतं.

मग काळ्या काढल्या. सरबतात धुतलेल्या. यांना लाल पाणी लागलेलंच नाही. नऊ बिनठिपक्याच्या.

आणि तीन ठिपक्याच्या.

मी खाली बसले. ग्रंथपाल आले तेव्हा तशीच बसलेली होते. त्यांना म्हटलं, या तिघींवरच्या चिठ्ठ्या वाचा. त्यांनी चष्मा पुसला, वाचल्या, पुन्हा चष्मा पुसला. तिन्ही धाकटीच्या गल्लीतल्या.

अक्षर येत नसलं तरी एवढं मलाही वाचता आलं.

२३ मार्च

सून पायातली चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. लाल पाणी, अठ्ठावीस, बारा, दोरे, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"मला वाटलं, चाळीसच्या चाळीस तुम्ही लाल पाण्यानेच..." ती म्हणाली. "टेकडीवरच्या नऊ स्वच्छ निघाल्या तेव्हा वाटलं, जास्त विसळल्या गेल्या असतील; गल्लीतल्या गडद निघाल्या तेव्हा वाटलं, कमी. आई, मी तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं. नुसतं विचारायला."

"मग का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना."

मी म्हटलं, मी सांगायला हवं होतं. तर म्हणाली, "मी तुम्हाला कारण सांगायला हवं होतं. लाल पाणी का नको ते. नुसता हुकूम सोडला." असं आम्ही एकमेकींचे दोष उचलत बसलो, आणि तिकडे पंप चालू होते. शेवटी मीच ओरडले, की भांडण उद्या कर, आधी दोरखंड घे.

दोघी गेलो. गल्लीतले लोक म्हणाले, तुमचं रोज नवीन असतं. एक म्हातारा पंपाच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "कागद दाखवा." कागद नव्हता. मी त्याला म्हटलं, कागद नाही, माझी बहीण आहे, दवाखान्यात जाऊन बघ. त्याने हात बाजूला घेतला. दांडे मी बांधले. गाठ माझी आहे, सहज सुटायची नाही.

वीस दिवस उघडे होते. ग्रंथपालांनी मोजले, मी सांगितलं नव्हतं.

३० मार्च

सुनेने खास सभा मागितली. दुर्बीण म्हणाले, अर्धा तास.

मी उभी राहिले. चाळीस वर्षांत त्या सभागृहात मी कधी बोलले नव्हते, फरशी पुसली होती. म्हटलं, चूक सुनेची नाही. माझी. लाल पाण्याने मी धुतल्या, कारण मला वाटलं माझं शास्त्र तिच्यापेक्षा जुनं आहे. पण बारा धुतल्या नाहीत, आणि त्या बारा कोणत्या ते मला माहीत आहे.

चिटणीस म्हणाले, "इतिवृत्तात काय लिहू? काळा दोरा?"

म्हटलं, मग पांढरा लिहा, तुम्हाला आवडेल तो.

दुर्बीण हसले नाहीत. त्यांनी तिन्ही बाटल्या जवळ ओढल्या. "बाई, राग मानू नका. पण हे दोरे तुम्ही काल बांधले नाहीत कशावरून?"

प्रश्न योग्य होता. राग आला, पण योग्य होता. मी बाटली फिरवून त्यांच्यासमोर धरली. मी दोऱ्याचं एक शेपूट लांब सोडते, ओलं भांडं टांगायला. ते शेपूट सुनेच्या चिठ्ठीखाली गेलं होतं, वरून डिंकाने चिकटलेलं. चिठ्ठीवर तिच्या हातची जानेवारीची तारीख. दुर्बिणीने नखाने चिठ्ठीची कड उचलली. खाली काळा दोरा. त्यांनी दुसरी बघितली, तिसरी बघितली. लांबचं बघणाऱ्या माणसाने पहिल्यांदा एवढं जवळचं बघितलं.

मग म्हणाले, "पुन्हा तपासू. समिती जाईल, दोन्ही पद्धतीने धुतलेल्या बाटल्या घेऊन. निकाल येईपर्यंत पंप बंद राहावेत असं पालिकेला मी स्वतः कळवतो." शाखेचं काय, पिसंवाल्याने विचारलं. "निकालानंतर."

सुनेने मला धरून खाली बसवलं.

१६ एप्रिल

धाकटी सकाळी गेली. कागदावर लिहिलंय, मूत्रपिंडं निकामी.

मी डॉक्टरांना विचारलं. मंडळातलेच ते. म्हटलं, पाण्याने का? म्हणाले, चार वर्षं पीत होत्या, शक्य आहे, पण सिद्ध करता येणार नाही. म्हटलं, चार वर्षांचं राहू दे. ते वीस दिवस. ते वीस दिवस पाणी पोटात गेलं नसतं तर? त्यांनी तो कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, हे मोजता येत नाही."

थेंबातलं विष मोजतात. हे मोजता येत नाही म्हणे.

४ मे

निकाल आला. टेकडी स्वच्छ, बाकीचं शहर बहुतेक स्वच्छ. धाकटीच्या गल्लीतले तीन पंप जांभळे. पालिकेने दांडेच काढून नेले आणि गल्लीत टाकीचं पाणी सुरू केलं. नातसून बरी आहे, असं तूर्त म्हणायचं.

मतदानही झालं. पर्यावरण रसायन शाखा झाली. दुर्बिणीने हात वर केला. सून आनंदाने नाचेल असं वाटलं होतं, तर घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली नि म्हणाली, "धाकट्या मावशींना सांगायला हवं होतं." मी म्हटलं, तिने खोड काढली असती, की एवढा उशीर का.

शाखेचा पहिला नियम सुनेने लिहिला. बाटली जो धुईल त्याने कशाने धुतली ते सांगायचं, आणि ज्याला कारण कळलं नाही त्याने कारण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मला म्हणाली, "आणि सांगणाऱ्याने सांगितल्याशिवाय हुकूम सोडायचा नाही, हे माझ्यासाठी."

आज नव्या चाळीस बाटल्या धुतल्या. सरबतात. सगळ्यांना काळा दोरा. मध्ये एकदा हात आपसूक मोरीखाली गेला होता. गोल डाग अजून आहे, घासून जात नाही.

ग्रंथपाल म्हणाले, "बाई, सतरा जानेवारीच्या पानावर 'सुनेला सांगायचं नाही' असं आहे. खोडू का?" भल्या मनाने म्हणाले. गेले चार महिने रोज येतात, चहा गार होईपर्यंत लिहितात, आणि आज पेनाला नवं टोपण लावून आलेत. कशासाठी, विचारलं तर लाल झाले.

नका खोडू. ही वही आता ट्रंकेत नको. मंडळाच्या कपाटात ठेवा, नव्या शाखेच्या फळीवर, सगळ्यात खाली, जिथे वाकावं लागतं. पण आधी सुनेला हाक मारा. तिला इथे बसवा नि तुम्ही मोठ्याने वाचा. मीही बसते.

सतरा जानेवारीपासून वाचा. भरभर वाचू नका.